मोठ्या बाईंनी मोडलेल्या तुकड्या

माझी मावशी शाळेत गणित शिकवायची. पुढे ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि सगळे तिला मोठ्या बाई म्हणायला लागले. दिसायला मोठेपणाचं काही नव्हतं. उंचीने ती माझ्या आईच्या, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीच्या, खांद्याला लागायची आणि चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायची. पण वर्गात शिरली की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप विरायची. आवाज चढवताना तिला कुणी ऐकलं नाही.

आजी-आजोबा लवकर गेले तेव्हा मावशी नुकती नोकरीला लागली होती आणि आई शाळेत होती. मावशीने आपल्या लग्नाचा विषय बाजूला ठेवला, तो कायमचाच. आईला तिने आईसारखं वाढवलं आणि बापासारखं शिकवलं. आई अभ्यासात हुशार निघाली. दरवर्षी पहिली, दरवर्षी शिष्यवृत्ती, आणि शेवटी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची नोकरी. रक्ताचे नमुने तपासताना आई जशी काटेकोर असायची तशीच घरीही असायची. मार्कांवर तिची श्रद्धा होती, आणि ती का होती हे पुढे कळेलच.

मावशीच्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की सगळ्यांत जास्त मार्कांची मुलं अ तुकडीत, त्याखालची ब मध्ये आणि उरलेली क मध्ये. अ तुकडीला अनुभवी शिक्षक, हवेशीर खोल्या, नवा फळा. क तुकडीला जे उरेल ते. मावशी नवीन होती, म्हणून तिला सहावी क मिळाली. वर्ग जिन्याखाली होता. वरून कुणी धावत गेलं की शिकवणं थांबवावं लागायचं.

सुरुवातीला तिला त्या मुलांचा राग यायचा. प्रश्न विचारला की सगळी खाली बघायची. मूर्ख म्हणावीत तर मधल्या सुट्टीत हीच मुलं गोट्यांचा हिशेब तोंडी करायची आणि एकही गोटी चुकू द्यायची नाहीत. हळूहळू तिला उमगलं की क तुकडीत आल्यावर मुलं सगळ्यांत आधी एकच गोष्ट शिकतात, ती म्हणजे तोंड बंद ठेवणं. चुकीचं उत्तर दिलं की हसं होतं, आणि बरोबर दिलं तरी शिक्षक विचारतात, ‘कुणाचं बघून सांगितलंस?’ मग मूग गिळून बसलेलं बरं.

तिच्या त्या वर्गात एक मुलगी होती. तिची जुळी बहीण त्याच इयत्तेत अ तुकडीत होती. अ मधली जन्माने काही मिनिटांनी मोठी म्हणून घरी आणि शाळेतही तिला थोरली म्हणत, आणि मावशीच्या वर्गातलीला धाकटी. त्यांचे वडील वेल्डर होते. शाळेचं लोखंडी फाटक त्यांनीच बनवलं होतं. पाचवीपर्यंत दोघी एका बाकावर बसायच्या. पाचवीच्या निकालानंतर थोरली वरच्या मजल्यावर गेली आणि धाकटी जिन्याखाली आली. त्यानंतर धाकटी शाळेत येताना बहिणीच्या मागे दहा-पंधरा पावलं चालायला लागली. घरीही ती तिच्याशी बोलेनाशी झाली. वडील एकदा मावशीला भेटायला आले. हातावरचे भाजल्याचे डाग झाकत म्हणाले, ‘बाई, दोघींना एकत्र बसवता येणार नाही का?’ मावशीने नियम सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि ते परत गेले.

सहावीच्या वार्षिक परीक्षेला गणिताच्या पेपरला मावशी वरच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक होती. सगळी मुलं खाली मान घालून लिहीत होती. थोरली हाताची घडी घालून बसली होती. समोर कोरी उत्तरपत्रिका. मावशीला वाटलं बरं नसेल. तिने जवळ जाऊन हळूच विचारलं, काही होतंय का. थोरली म्हणाली काही होत नाही.

‘मग लिहीत का नाहीस? तुला येतं सगळं.’

‘येतं,’ ती म्हणाली. ‘पण मला क मध्ये जायचंय.’

पेपर संपेपर्यंत तिने पेनाला हात लावला नाही.

तेव्हाचे मुख्याध्यापक, मोठे सर, शिस्तीचे भोक्ते होते. मावशीने झालं ते त्यांच्या कानावर घातलं. तिला वाटलं होतं, हे ऐकून ते दोन मिनिटं तरी विचारात पडतील. ते संतापले. त्यांच्या मते ही मुलीची मिजास होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला आपल्या खोलीत बसवून पुन्हा पेपर दिला. तिने तोही कोरा ठेवला. मग नियमाप्रमाणे ती गणितात नापास झाली. तिला वाटलं होतं आपण बहिणीच्या तुकडीत जाऊ. पण नापास मुलं तुकडी बदलत नाहीत, इयत्तेतच मागे राहतात. धाकटी पास होऊन सातवी क मध्ये गेली आणि थोरली सहावीतच राहिली. वेल्डरने दोघींचे दाखले काढले आणि त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लहानशा शाळेत घातलं. तिथे प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी होती.

मावशीने ही गोष्ट मला एकदाच सांगितली, मी नोकरीला लागल्यानंतर. सांगून झाल्यावर म्हणाली, ‘बारा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते आम्हा सगळ्या शिकलेल्यांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. आम्ही त्याचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं.’

ती मुख्याध्यापिका झाली तेव्हा केसांत चांगलीच पांढरी झाक आली होती. मी तेव्हा त्याच शाळेत होते, अर्थातच अ तुकडीत. पहिल्या वर्षी तिने काहीच केलं नाही. लोकांना वाटलं, बाई खुर्ची उबवणार. दुसऱ्या वर्षी निकाल लागला आणि नव्या वर्गांच्या याद्या फलकावर लागल्या, तेव्हा फाटकापाशी गर्दी झाली. याद्या मार्कांप्रमाणे नव्हत्या. आडनावांच्या अक्षरांप्रमाणे मुलं ओळीने घेऊन पहिलं अ मध्ये, दुसरं ब मध्ये, तिसरं क मध्ये अशी सरळ वाटून टाकली होती. अक्षरं तीच राहिली, त्यांचा अर्थ गेला. शिक्षकही वाटले गेले होते. वर्षानुवर्षं फक्त अ तुकडीला शिकवणाऱ्यांच्या वाट्याला आता सगळी मुलं आली.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी चहा गार झाला. सगळ्यांत जास्त भडकले ते शास्त्राचे सर. ते चांगले शिक्षक होते, शाळेचे पहिले नंबर त्यांच्याच हाताखालून गेले होते. त्यांनी सरळ विचारलं, ‘बाई, एकाच वर्गात मी कुणाला शिकवू? पुढे पळणाऱ्याला, की मागे राहिलेल्याला?’

‘दोघांना,’ मावशी म्हणाली.

‘कसं ते सांगा.’

‘ते मलाही नीट माहीत नाही. शोधायला लागेल.’

मुख्याध्यापिकेने असं कबूल करावं हे कुणाला रुचलं नाही. सरांनी पुढे बराच काळ हे वाक्य तिच्या नकला करत ऐकवलं.

पालकसभेत तर लोकांनी शाळा डोक्यावर घेतली. अ तुकडीतल्या मुलांचे आई-वडील पुढच्या रांगांत होते. त्यांचं म्हणणं, आमच्या मुलांनी मेहनत केली त्याची ही शिक्षा का? क तुकडीतल्या मुलांचे पालक फारसे आलेच नव्हते. आले होते ते दाराशी उभे होते, आणि त्यांच्यातला एकही तोंड उघडत नव्हता. ज्यांच्यासाठी आपण हे करतोय त्यांनाही या शाळेने गप्प बसायलाच शिकवलंय, हे त्या दिवशी मावशीला सगळ्यांत जास्त लागलं. संस्थेच्या अध्यक्षांनी हात वर करून सभा शांत केली आणि जाहीर केलं, की बाईंना दोन वर्षं देऊ. निकाल घसरला तर पूर्वीसारखं.

आई त्या सभेत होती. ती तिथे एक शब्द बोलली नाही. बोलली ती घरी, मावशीसमोर, आणि मी शेजारच्या खोलीत असल्याने मला सगळं ऐकू आलं.

आई म्हणाली, ‘ताई, आपल्यासारख्यांकडे होतं काय? ना ओळख, ना पाठबळ. मार्क होते. ते कुणाच्या वशिल्याने मिळत नाहीत. मी पहिली आले म्हणून मला आत घेतलं, नाहीतर दारातूनच परत पाठवलं असतं. त्या एका शिडीवरून मी वर आले आणि आता माझी मुलगी चढतेय तर तू शिडीच काढून घेतेस?’

मावशीने एवढंच विचारलं, की तुझ्याबरोबर वर्गात असलेल्या बाकीच्या मुली आज कुठे आहेत, माहीत आहे का तुला. आई म्हणाली, ते बघणं माझं काम नव्हतं. मावशी म्हणाली, ‘तुझं नव्हतंच. शाळेचं होतं.’

मी त्या मिसळलेल्या वर्गात एक सत्र बसले. खरं सांगायचं तर मला सुरुवातीला तो वर्ग मुळीच आवडला नाही. अ तुकडीत असण्याची ऐट गेली होती. माझ्या बाकावर पूर्वीच्या क तुकडीतली एक मुलगी आली. तिच्या घरी बेकरी होती आणि तिच्या दप्तराला भाजलेल्या पिठाचा वास यायचा. अपूर्णांकांचा भागाकार तिला समजत नव्हता. मी एकदा समजावला, दोनदा समजावला. तिसऱ्यांदा तिने विचारलं, की दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा. मला उत्तर येईना. मला फक्त उलटा करायचा हे ठाऊक होतं. आम्ही दोघी मिळून मावशीकडे गेलो. हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं. आई जेवायचं थांबली आणि म्हणाली, ‘तू तिथे शिकायला जातेस की शिकवायला?’

सत्र संपल्यावर आईने माझा दाखला काढला. मोठ्या बाईंची सख्खी भाची शाळा सोडून गेली, ही बातमी अर्थातच वाऱ्यासारखी पसरली. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. मावशीने माझ्या दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि मला जवळ घेऊन नव्या शाळेत नीट रहा म्हणाली. आईशी ती काही बोलली नाही. त्याआधी ती दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. ते बंद झालं. दोघी एकाच गावात, हाकेच्या अंतरावर राहायच्या आणि एकमेकींचं कुशल माझ्याकडून विचारायच्या.

पहिल्या वर्षी निकाल घसरला. शिवाय मावशीला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती तिला निकालापेक्षा जास्त झोंबली. ती रोज एखाद्या वर्गात मागे जाऊन बसायची. तिथे तिने पाहिलं की शिक्षक पुढच्या चार-सहा मुलांशी बोलतात, तीच उत्तरं देतात आणि तास संपतो. वर्षाच्या शेवटी शिक्षकांच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘आधी एका खोलीत गप्प बसणारी मुलं आता तीन खोल्यांत गप्प बसतात. एवढाच फरक मी केला. तो पुरेसा नाही. चूक माझी आहे, पुढचं आपण मिळून करायचं आहे.’

पुढच्या वर्षी तिने शाळेचा पहिला तास मोकळा केला. त्या तासाला पाचवी, सहावी, सातवी असा भेद नव्हता. ज्याला वाचताना अडखळायला होतं तो वाचनाच्या खोलीत, ज्याला भागाकार जमत नाही तो भागाकाराच्या खोलीत, ज्याला सगळं येतं त्याच्यासाठी कोड्यांची आणि प्रयोगांची खोली. सगळे शिक्षक शिकवणार, खेळाचे सर आणि चित्रकलेच्या बाईसुद्धा. खेळाच्या सरांना भागाकार शिकवायचा म्हटल्यावर त्यांच्या नाकी नऊ आले, पण मैदानावर गट पाडून त्यांनी तो असा शिकवला की मुलं खेळाच्या तासाला ‘भागाकार घ्या’ म्हणायला लागली.

शास्त्राच्या सरांनी बैठकीत नेमकं बोट ठेवलं. म्हणाले, ‘बाई, या पुन्हा तुकड्याच झाल्या की.’

मावशी म्हणाली, ‘झाल्या. पण यांना दारं आहेत. आज या खोलीतला पुढच्या महिन्यात त्या खोलीत. आणि पहिला तास संपला की सगळे आपापल्या वर्गात एकत्र.’

सरांना तो तास कोड्यांच्या खोलीत हवा होता. मावशीने त्यांना वाचनाची खोली दिली. ते महिनाभर घुश्शात होते. मग एके दिवशी एक मुलगा, जो सातवीत येऊनही अक्षर अक्षर लावून वाचायचा, त्यांच्यासमोर अख्खं पान न थांबता वाचून गेला. सरांनी त्याला शाबासकी वगैरे दिली नाही. पुढचं पान काढून दिलं. पण त्यानंतर त्यांनी खोली बदलून मागितली नाही, एवढं मावशीच्या लक्षात राहिलं.

दोन वर्षं संपली तेव्हा निकाल पूर्वीइतकाच झाला होता. त्याहून वर गेला नाही. वर्तमानपत्रात फोटो यावा असं काही घडलं नाही. नापास होऊन शाळा सोडणारी मुलं मात्र कमी झाली, आणि हे सहज दिसणारं नव्हतं, कारण न सोडून गेलेल्या मुलाकडे कोण बोट दाखवणार? अध्यक्षांनी निकाल पाहिला, घसरला नाही ना म्हणाले, आणि चालू द्या म्हणाले. पहिला नंबर काढणाऱ्या घरांनी तोवर दुसऱ्या शाळा धरल्या होत्या. त्याचं तिला वाईट वाटायचं. हुशार मुलांवर तिचा राग कधीच नव्हता. तिची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी तर तिची स्वतःची बहीण होती.

मावशी निवृत्त झाली आणि नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी वर्षभरात तुकड्या परत आणल्या. फक्त अ, ब, क ही नावं आता चांगली दिसत नव्हती, म्हणून त्यांनी सूर्य, चंद्र आणि तारा अशी नावं दिली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी अर्थ लावला. एखाद्याचं उत्तर चुकलं की ‘काय रे, तारा का?’ असं विचारलं जाऊ लागलं. मावशीला हे मीच सांगितलं. ती हसली नाही. त्यानंतर बरेच महिने तिने शाळेचं नाव काढलं नाही. बाजारात जुने शिक्षक भेटले तर ती पलीकडच्या बाजूने जायची.

पण सातवीपर्यंतच्या वर्गांत नव्या साहेबांना तुकड्या करता आल्या नाहीत. तिथे आडवे आले ते शास्त्राचे सर. मोठ्या बाईंचं सगळं आपल्याला पटलेलं नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. आणि मग म्हणाले, ‘पण हरलेल्या चेहऱ्यांनी भरलेल्या वर्गासमोर उभं राहायची माझी आता तयारी नाही. एकदा ते सुटलं की परत नाही जमत.’ आणखी चार शिक्षक त्यांच्या बाजूने बोलले. साहेबांनी हात टेकले. खालचे वर्ग मिसळलेले राहिले आणि पहिला तासही राहिला, वरच्या वर्गांत सूर्य-चंद्र आले. अर्धं टिकलं, अर्धं गेलं.

पुढे मावशी जिन्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये आईच्याच प्रयोगशाळेत तिचं रक्त तपासायला आलं. नळीवर नाव पाहून आई तशीच पांढरा कोट घालून वॉर्डात गेली. आईने परिचारिकेला विचारून औषधांची वेळ समजून घेतली आणि घरी जाताना मला म्हणाली, पुढची खोली मोकळी कर. मावशी आमच्याकडे राहायला आली ती शेवटपर्यंत.

शाळेवरून त्या दोघी भांडायच्या. पूर्वीसारख्या अबोल्याने नाही, तोंडाने. आई म्हणायची, स्पर्धा बाहेर आहेच, मग आत लपवून काय फायदा. मावशी म्हणायची, बाहेर पावसाळा आहे म्हणून कुणी घराचं छप्पर काढत नाही. आई म्हणायची, तुझी उदाहरणं नेहमी तुझ्याच बाजूची असतात. मावशी म्हणायची, मग तू दुसरं दे. असं चालायचं आणि दोघींची जेवणं गार व्हायची. एकीनेही दुसरीला पटवलं नाही.

मावशी गेली ती एका दुपारी, झोपेतच. शाळेने शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. नवे साहेब बोलले, अध्यक्ष बोलले. मोठ्या बाई शिस्तप्रिय होत्या, वक्तशीर होत्या, गणितात त्यांचा हातखंडा होता, आयुष्य त्यांनी शाळेला वाहून घेतलं. कुणाच्याही शोकसभेत चालेल असं सगळं बोलून झालं. तुकड्यांचा विषय कुणी काढला नाही. शास्त्राचे सर पुढच्या रांगेत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे काय राहून गेलं हे त्यांना कळलंच नसावं.

अध्यक्ष समारोपाकडे वळले तेव्हा माझ्या शेजारी बसलेली आई उभी राहिली. तिचं नाव वक्त्यांत नव्हतं. तिला सभेत बोलायची सवय नव्हती आणि तिचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हता, म्हणून लोक हळूहळू शांत झाले.

ती म्हणाली, ‘माझ्या बहिणीने या शाळेच्या तुकड्या मोडल्या होत्या. मला ते पटलं नव्हतं. मी माझी मुलगी इथून काढून नेली होती, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आजही मला त्यातलं सगळं पटत नाही. पण आयुष्यात तिने एक काम स्वतःच्या हिमतीवर केलं, ते हे. ते सोडून बाकीचंच सांगणार असाल, तर तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताय.’

ती खाली बसली. हात तिने मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. टाळ्या वाजवण्याची ती जागा नव्हती आणि कुणी वाजवल्याही नाहीत. अध्यक्षांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.